प्रबंधातील संदर्भ : टिपणवहीपासून संदर्भसूचीपर्यंत

शिवाजी विद्यापीठाच्या कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांत आता पीएच.डी. करणाऱ्यांबरोबर पदव्युत्तर वर्गातील आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या चौथ्या वर्षातील विद्यार्थीही संशोधन प्रकल्प लिहू लागले आहेत. त्यांतील अनेकांची वाङ्मयचौर्य या प्रकाराशी पहिली गाठ पडते ती प्रबंध सादर करण्याच्या आठवडाभर आधी, मजकूर इतरत्र किती जुळतो याच्या, तपासणीच्या सॉफ्टवेअरने काढलेल्या टक्केवारीच्या रूपात. मग धावपळ सुरू होते, वाक्ये उलटसुलट फिरवली जातात, ‘आणि’च्या जागी ‘व’ येतो, आणि कोणत्या पुस्तकातून काय घेतले होते हे आठवत नसल्यामुळे हाताला लागेल तो संदर्भ तळटिपेत ढकलला जातो. हा सारा उद्योग चुकीच्या टोकाकडून सुरू झालेला असतो. संदर्भ नीट असणार की नाही, हे पुस्तक वाचताना काढलेल्या टिपणातच ठरून गेलेले असते. त्यामुळे प्रस्तुत मार्गदर्शनाचा बराचसा भाग टिपणवहीविषयी आहे आणि टक्केवारीचा विचार त्यामानाने पुष्कळ नंतर येतो.

संदर्भ कशाला द्यावा लागतो

दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले तर संदर्भ द्यावा लागतो, हे सर्वांनाच ठाऊक असते. दुसऱ्याचा युक्तिवाद, वर्गीकरण, आकडेवारी, नकाशा, तक्ता, छायाचित्र किंवा एखाद्या घटनेचा लावलेला अन्वयार्थ आपल्या शब्दांत मांडला तरीही तो द्यावा लागतो, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते. मांडणीचा क्रमदेखील उसना असू शकतो. एखाद्या ग्रंथातील प्रकरणाचे उपविभाग त्याच क्रमाने आपल्या प्रकरणात आले आणि त्याचा कोठेही उल्लेख नसला, तर प्रत्येक वाक्य स्वतःचे असूनही ती उचलेगिरीच ठरते.

सर्वज्ञात गोष्टींना संदर्भाची गरज नसते. पण सर्वज्ञात म्हणजे कोणाला ज्ञात, हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. २०१९ साली पंचगंगेला महापूर आला, या विधानाला तळटीप लावण्याचे कारण नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणीपातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे कोल्हापुरातल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. तरी प्रबंध तपासणारे परीक्षक नागपूरचे किंवा हैदराबादचे असू शकतात आणि त्यांच्या दृष्टीने ती माहितीच असते, म्हणून तिथे एक संदर्भ द्यावा. अमुक दिवशी अमुक वाजता पातळी किती होती, हा आकडा तर कोणत्या कार्यालयाच्या नोंदीतून घेतला, हे सांगितल्याशिवाय लिहूच नये. शंका असेल तेव्हा संदर्भ द्यावा, हा सल्ला सामान्यतः बरोबर आहे. मात्र प्रत्येक ओळीला तळटीप लावून आपले एकही वाक्य शिल्लक न ठेवणारे प्रबंधही मी पाहिले आहेत, आणि तिथे अडचण संदर्भांची नसून विचारांची असते.

टिपणवही

प्रत्येक ग्रंथासाठी स्वतंत्र पान किंवा स्वतंत्र फाइल ठेवावी आणि त्या पानाच्या शिरोभागी लेखकाचे पूर्ण नाव, ग्रंथाचे नाव, असल्यास संपादक व अनुवादक, प्रकाशनसंस्था, प्रकाशनस्थळ, आवृत्ती आणि वर्ष एवढा तपशील वाचनाला बसण्यापूर्वीच उतरवून घ्यावा. त्याखाली ग्रंथालयाचे नाव आणि पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहावा. विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात वाचलेले पुस्तक कोणते आणि १८५० सालापासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात वाचलेले कोणते, हे दोन वर्षांनी आठवत नाही. आणि पृष्ठक्रमांकाची खात्री करून घ्यायची वेळ नेमकी तेव्हाच येते. वर्ष नोंदवताना जुन्या मराठी ग्रंथांवर पुष्कळदा केवळ शक असतो, हे लक्षात ठेवावे. शके संख्येत ७८ मिळवले की साधारणतः इसवी सन मिळतो, मात्र जानेवारी ते मार्च या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. मुखपृष्ठावर केवळ शकच असेल, तर संदर्भात तो तसाच देऊन इसवी सन चौकटी कंसात द्यावा.

पुढचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. टिपणात तीन प्रकारचा मजकूर येतो आणि हे तिन्ही प्रकार नजरेला वेगळे दिसले पाहिजेत. जसाच्या तसा उतरवलेला मजकूर अवतरणचिन्हांत आणि पुढे पृष्ठक्रमांक. लेखकाचे म्हणणे आपल्या शब्दांत असेल तर अवतरणचिन्हे नाहीत, पण पृष्ठक्रमांक आहेच. आणि वाचता वाचता स्वतःला सुचलेले असेल तर समासात ठळकपणे ‘माझे’ असा शब्द. जाणूनबुजून न केलेल्या वाङ्मयचौर्याची बहुतेक प्रकरणे याच ठिकाणी जन्म घेतात. सहा महिन्यांपूर्वी वहीत उतरवलेला नेटका परिच्छेद समोर येतो, तो आपलाच असावा असे वाटते आणि तो सरळ प्रकरणात जातो. अवतरण एका पानावरून दुसऱ्या पानावर जात असेल, तर जिथे पान संपते तिथे एक तिरकी रेघ मारून ठेवावी, म्हणजे पुढे त्या अवतरणाचा अर्धाच भाग वापरायचा ठरला, तरी नेमका पृष्ठक्रमांक देता येतो.

आता बहुतेकजण वहीऐवजी मोबाइलने पानांचे फोटो काढतात. त्यात वावगे काहीच नाही. मात्र पहिला फोटो शीर्षकपृष्ठाचा आणि दुसरा त्याच्या मागील बाजूचा, जिथे प्रकाशक व आवृत्तीचा तपशील असतो त्या पृष्ठाचा असावा, आणि मजकुराच्या प्रत्येक फोटोत पृष्ठक्रमांक दिसला पाहिजे. पुस्तकाचे नाव माहीत नसलेल्या चाळीस पानांचे फोटो संशोधनाच्या दृष्टीने निरुपयोगी असतात. संगणकावर काम करणाऱ्यांनी पीडीएफमधला मजकूर थेट प्रकरणाच्या फाइलमध्ये कधीच चिकटवू नये. तो टिपणांच्या फाइलमध्ये, वेगळ्या रंगात, पृष्ठक्रमांकासह ठेवावा आणि प्रकरण लिहिताना तिथून वाचून नव्याने लिहावे.

अवतरण आणि स्वतःच्या शब्दांतील मांडणी

शब्दरचनेलाच महत्त्व असते तेव्हा अवतरण द्यावे. कायद्याचे कलम, ऐतिहासिक कागद, काव्यपंक्ती, एखाद्या विचारवंताने केलेली व्याख्या किंवा आपण ज्याचे खंडन करणार आहोत ते विधान, ही त्याची ठिकाणे होत. माहिती देण्यासाठी अवतरणे वापरू नयेत. ती आपल्या वाक्यात सांगून संदर्भ द्यावा. अवतरणात आपल्याकडून काही गाळले तर तिथे तीन टिंबे, आपला शब्द घातला तर चौकटी कंस, आणि मूळ लेखनातील चूक तशीच ठेवायची असेल तर तसा निर्देश करावा. मराठीच्या जुन्या ग्रंथांतील अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ आजच्या नियमांप्रमाणे परस्पर बदलले जातात, टंकलेखक तर ते सवयीनेच ‘दुरुस्त’ करतात, म्हणून प्रूफ तपासताना अवतरणे मुळाशी ताडून पाहावीत.

खरी कसोटी लागते ती दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडताना. उदाहरणादाखल, गुऱ्हाळांवरील एका लेखाच्या ४२व्या पृष्ठावर पुढील मजकूर आहे असे समजू. ‘गुळाची प्रत ठरते ती रसातली मळी किती काळजीने काढली यावर. काहिलीतला रस तापू लागला की त्यात भेंडीचा चिकट रस घालतात. त्यात मळी अडकून वर येते आणि गुळव्या ती काढून टाकतो. हे काम घाईने उरकले, तर गूळ काळपट होतो आणि सौद्यात त्याला भाव मिळत नाही.’ यावरून विद्यार्थी पुष्कळदा असे लिहितात : ‘गुळाचा दर्जा निश्चित होतो तो रसामधील मळी किती दक्षतेने दूर केली यावर. काहिलीमधील रस गरम होऊ लागताच त्यामध्ये भेंडीचा बुळबुळीत द्रव टाकतात. त्यामध्ये मळी अडकून वरती येते व गुळव्या ती बाजूला करतो.’ शब्द बदलले आहेत, परंतु वाक्यांची ठेवण, विधानांचा क्रम आणि पूर्णविरामाची जागासुद्धा तीच आहे. खाली तळटीप दिली तरी हे चौर्यच, कारण ती तळटीप वाचकाला सांगते की माहिती त्या लेखकाची आणि भाषा माझी, आणि ते खरे नसते.

तोच मजकूर प्रामाणिकपणे मांडायचा तर काहीसा असा होईल : ‘गुळाचा भाव सौद्यात ठरत असला, तरी तो उतरण्याची कारणे काहिलीपाशी शोधावी लागतात, असे अमुक यांच्या विवेचनावरून दिसते. भेंडीच्या रसाने वर आणलेली मळी काढायला गुळव्याने पुरेसा वेळ दिला नाही, तर गूळ काळवंडतो, असे निरीक्षण त्यांनी नोंदवले आहे (पृ. ४२). प्रस्तुत अभ्यासात ज्यांच्याशी बोलणे झाले, त्या गुऱ्हाळमालकांनी मात्र रंगाचा दोष काही अंशी उसाच्या जातीलाही दिला.’ इथे मूळ लेखकाचे म्हणणे कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे स्पष्ट आहे, आणि त्यानंतर अभ्यासकाचे स्वतःचे काहीतरी आले आहे. ‘काहील’, ‘मळी’, ‘गुळव्या’ हे त्या व्यवसायातले शब्द तसेच राहिले आहेत आणि ते तसेच राहायला हवेत. पारिभाषिक शब्द बदलण्याची गरज नसते. अशी मांडणी साधण्याची जुनी आणि खात्रीची रीत म्हणजे मजकूर दोनदा वाचून पुस्तक मिटावे, आठवणीने लिहावे आणि त्यानंतरच पुस्तक उघडून तपशील तपासावा.

याच उदाहरणातून आणखी एक गोष्ट दिसते. दीड पानाचा परिच्छेद लिहून त्याच्या अगदी शेवटी एकच तळटीप देण्याची आपल्याकडे फार सवय आहे. अशा तळटिपेवरून शेवटचे वाक्य उसने आहे की सगळा परिच्छेद, हे वाचकाला कळत नाही. लेखकाचे नाव सुरुवातीला वाक्यातच घ्यावे आणि त्याचे म्हणणे संपते तिथे पृष्ठक्रमांकासह संदर्भ द्यावा, म्हणजे दोन्ही कडा बंद होतात.

न पाहिलेला मूळ कागद

संशोधनात वारंवार घडणारा आणि क्वचितच पकडला जाणारा प्रकार म्हणजे दुय्यम ग्रंथातून अवतरण घेऊन संदर्भ मात्र मूळ साधनाचा देणे. राजर्षी शाहू महाराजांचा ५० टक्के जागा राखून ठेवण्याविषयीचा २६ जुलै १९०२चा जाहीरनामा हे कोल्हापुरात लिहिल्या जाणाऱ्या प्रबंधांतले नेहमीचे उदाहरण आहे. तो करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये प्रसिद्ध झाला, म्हणून तळटिपेत सर्रास गॅझेटचे नाव येते. प्रत्यक्षात ते पान उघडून पाहिलेले नसते, अवतरण एखाद्या चरित्रातून किंवा गौरवग्रंथातून आलेले असते. यात वाचकाची दिशाभूल तर होतेच, शिवाय मधल्या लेखकाने काही गाळले असेल तर ती चूक आपल्या नावावर जमा होते. त्या जाहीरनाम्यातील तरतूद आदेशानंतर रिकाम्या होणाऱ्या जागांविषयी होती. संक्षेपाने सांगणाऱ्या पुस्तकांत हा तपशील गळतो आणि ‘निम्म्या नोकऱ्या’ एवढेच उरते.

मूळ कागद मिळवणे शक्य असेल तर मिळवावा. कोल्हापूर पुराभिलेखागार शहरातच आहे आणि संस्थानी काळातील दप्तर तिथे आहे. शक्य नसेल, तर आधी मूळ साधनाचे नाव व दिनांक आणि पुढे ‘अमुक यांच्या अमुक ग्रंथात उद्धृत, पृ. अमुक’ असे लिहावे. यात कमीपणा काही नाही. परीक्षकाच्या नजरेत अशा तळटिपेने अभ्यासकाची पत वाढते.

भाषांतराने मालकी बदलत नाही

इंग्रजी किंवा हिंदी लेखातील परिच्छेद मराठीत आणून आपल्या नावावर मांडणे हा मराठीतून होणाऱ्या संशोधनाचा जुना रोग आहे. सॉफ्टवेअरला तो सहजी सापडत नाही, एवढ्याच कारणाने तो टिकून आहे, आणि यंत्रानुवादाची सोय झाल्यापासून तो अधिक फोफावला आहे. भाषांतरित मजकूरही अवतरणच असतो. तो अवतरणचिन्हांत द्यावा, मूळ ग्रंथाचा व पृष्ठाचा संदर्भ द्यावा आणि ‘अनुवाद प्रस्तुत अभ्यासकाचा’ असे नमूद करावे. प्रकाशित मराठी अनुवाद वापरला असेल तर अनुवादकाचे नाव संदर्भात आलेच पाहिजे. पारिभाषिक शब्दाचा मराठी पर्याय आपण नव्याने घडवला असेल, तर तेही पहिल्या उल्लेखापाशी सांगावे.

आपल्या परिसरातील साधनांचे संदर्भ

परदेशी शैलीपुस्तिकांत पुस्तक आणि नियतकालिक यांचे नमुने विपुल असतात, पण येथील अभ्यासकाला रोज लागणाऱ्या साधनांविषयी त्या फारसे काही सांगत नाहीत, म्हणून या भागात थोडे रेंगाळावे लागेल. ‘कोल्हापूर गॅझेटिअर’ एवढाच संदर्भ अपुरा आहे, कारण या नावाने ओळखली जाणारी दोन वेगवेगळी पुस्तके आहेत : बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या गॅझेटिअरचा १८८६ साली निघालेला २४वा खंड आणि महाराष्ट्र राज्याच्या मालिकेतील १९६०चे कोल्हापूर जिल्हा गॅझेटिअर. एक संस्थानी काळातले, दुसरे विलीनीकरणानंतरचे. शेतीविषयीचे विधान कोणत्या गॅझेटिअरमधले, यावर त्याचा अर्थच बदलतो.

मराठी विश्वकोशातील नोंदीचा संदर्भ देताना केवळ ‘विश्वकोश’ लिहून भागत नाही. नोंदीच्या अखेरीस बहुधा नोंदलेखकाचे नाव छापलेले असते. ते, नोंदीचे शीर्षक, खंड आणि पृष्ठ द्यावे. जनगणनेचा आकडा देताना वर्ष आणि तक्त्याचे नाव द्यावे. २०११च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ होती. हा आकडा वर्तमानपत्रातून घेऊन वर्तमानपत्राचा संदर्भ देण्यापेक्षा जनगणनेच्याच प्रकाशनापर्यंत जाणे केव्हाही श्रेयस्कर. शासन निर्णयाच्या बाबतीत विभाग, क्रमांक आणि दिनांक तर द्यावाच, शिवाय निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात संकेतस्थळावर शोधण्यासाठीचा जो लांबलचक संकेतांक असतो, तोही उतरवून घ्यावा. वर्तमानपत्राच्या संदर्भात दिनांक व पृष्ठाबरोबर आवृत्ती हवी. एकाच दिवशीच्या कोल्हापूर आणि सांगली आवृत्तीत आतल्या पानांवरच्या बातम्या वेगळ्या असतात, आणि आवृत्तीचे नाव नसलेला संदर्भ शोधत पुढचा अभ्यासक नाहक हिंडतो.

पुराभिलेखागारातील कागदासाठी संस्थेचे नाव, दप्तर किंवा विभाग, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) वा फाइल क्रमांक आणि कागदाचा दिनांक द्यावा. कागद मोडी लिपीत असेल आणि त्याचे लिप्यंतर दुसऱ्या कोणी करून दिले असेल, तर त्या व्यक्तीचा उल्लेख केवळ ऋणनिर्देशात नको, त्या कागदाच्या तळटिपेतच करावा. मोडी वाचणे हे श्रमाचे आणि जबाबदारीचे काम आहे आणि एखादा शब्द वेगळा वाचला गेला असेल, तर तो कोणी वाचला, हे पुढच्याला कळले पाहिजे. संतवाङ्मयाबाबतही अशीच दक्षता लागते. ज्ञानेश्वरीसाठी अध्याय व ओवी पुरते असे वाटते, पण पाठभेद असल्यामुळे प्रत सांगावी लागते. तुकारामांच्या गाथेच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत तर अभंगांचे क्रमांकच जुळत नाहीत. या ग्रंथांवर आता कोणाचा स्वामित्वहक्क नाही, मग संदर्भ कशाला, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. स्वामित्वहक्क हा कायद्याचा विषय आहे. १९५७च्या कायद्याप्रमाणे तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. संदर्भ देण्याची जबाबदारी मात्र त्या मुदतीबरोबर संपत नाही.

मुलाखती हे आणखी एक दुर्लक्षित साधन. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीतील वस्तादांनी सांगितलेली हकीकत प्रबंधात ‘असे सांगितले जाते’ म्हणून येते, तेव्हा ज्याने ती जपली त्याचे श्रेय बुडते. सांगणाऱ्याची संमती घेऊन नाव, मुलाखतीचे ठिकाण, दिनांक आणि ध्वनिमुद्रण आहे की हस्तलिखित टिपण, हे नोंदवावे. नाव प्रसिद्ध करू नये अशी त्याची इच्छा असेल, तर ‘निवेदक १, वय सुमारे ७०, माजी मल्ल’ अशी नोंद पुरते, पण मूळ तपशील अभ्यासकापाशी जपून ठेवलेला असावा.

शैली आणि संदर्भसूची

एपीए, एमएलए, शिकागो या संदर्भ देण्याच्या शैलींपैकी कोणती वापरायची, हे आपल्या आवडीवर नसते. विभागात विचारावे आणि जे ठरेल ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाळावे. सामाजिक शास्त्रांत मजकुरातच आडनाव व वर्ष देण्याची पद्धत रूढ आहे, तर मराठी आणि इतिहासाच्या प्रबंधांत तळटिपा किंवा प्रकरणाच्या अखेरीस टिपा देण्याची परंपरा आहे. तळटिपांत लागोपाठ तोच ग्रंथ आला तर ‘तत्रैव’ (त्याच ठिकाणी) आणि मध्ये दुसरा ग्रंथ येऊन गेला तर लेखकाचे आडनाव व ‘उ. नि.’ (वर उल्लेखिलेला ग्रंथ) लिहितात. प्रकरणात नंतर नवी तळटीप घुसवली की हे सगळे ‘तत्रैव’ चुकीच्या ग्रंथाकडे बोट दाखवू लागतात. म्हणून लेखन चालू असेपर्यंत प्रत्येक तळटिपेत आडनाव आणि ग्रंथाचे संक्षिप्त नाव ठेवावे. संक्षेप अगदी शेवटी करावेत. लांब अवतरण परिच्छेदापासून वेगळे काढण्याची मर्यादाही शैलीगणिक बदलते. एपीएमध्ये ती ४० शब्दांची आहे, एमएलएमध्ये गद्याच्या चार ओळींहून अधिक मजकुराची.

मराठी संदर्भसूची आडनावाने लावतात. संत, राजपुरुष आणि टोपणनावाने लिहिणारे कवी यांची नोंद रूढ नावाखाली करतात. मराठी व इंग्रजी ग्रंथांच्या याद्या वेगळ्या ठेवाव्यात. झोटेरो हे संदर्भ साठवण्याचे मोफत सॉफ्टवेअर देवनागरी नोंदी व्यवस्थित सांभाळते आणि शंभरावर संदर्भ असलेल्या प्रबंधाला ते वापरणे शहाणपणाचे आहे; तरी संकेतस्थळांवरून ओढलेल्या मराठी पुस्तकांच्या नोंदींत नाव-आडनावाची अदलाबदल झालेली असते, ती हाताने सुधारावी लागते.

नियम, टक्केवारी आणि फाँटची गोष्ट

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८मध्ये वाङ्मयचौर्याविषयीचे विनियम अधिसूचित केले. त्यांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही; १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते; ४० ते ६० टक्के असल्यास वर्षभर सुधारित प्रत सादर करता येत नाही; आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द होते. मार्गदर्शक आणि प्राध्यापकांसाठीही वेतनवाढ रोखण्यासारख्या कारवाईची तरतूद आहे. संदर्भासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायदे, प्रमाण समीकरणे आणि सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य या मोजणीतून वगळायचे असते.

या १० टक्क्यांकडे पुष्कळजण सवलतीचा कोटा म्हणून पाहतात, आणि हा समज फार घातक आहे. अहवालातील आकडा साम्याचा असतो, चौर्याचा नसतो. दोनशे पानांच्या प्रबंधात दुसऱ्याचा निष्कर्ष तीन पाने उचलला, तर अहवालात जेमतेम दीड टक्का दिसेल. त्याच विनियमांत मात्र गोषवारा, गृहीतके, निरीक्षणे, निष्कर्ष आणि शिफारशी या भागांत साम्य असूच नये असे म्हटले आहे. उलट, कायद्याच्या कलमांवर लिहिलेल्या निर्दोष प्रबंधाचा आकडा, वगळण्याची सेटिंग नीट लावली नसल्यास, पंचवीसवर जाऊ शकतो. म्हणून अहवाल हाती आला की पहिल्या पानावरचा आकडा बाजूला ठेवून रंगवलेला एकेक परिच्छेद वाचावा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : हा कोणाचा आहे आणि ते इथे लिहिले आहे का? लिहिले असेल तर पुढे जावे. लिहिलेले नसेल तर टिपणवही उघडावी. केवळ रंग घालवण्यासाठी शब्द फिरवण्याने अहवाल स्वच्छ होतो आणि प्रबंध अधिक बिघडतो.

मराठी प्रबंधांपुढे एक वेगळीच तांत्रिक अडचण आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांत टंकलेल्या फाइलमध्ये पडद्यावर मराठी अक्षरे दिसत असली, तरी आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. तपासणीचे सॉफ्टवेअर ती चिन्हे वाचते, त्याला कुठेच काही जुळत नाही आणि अहवाल शून्याच्या जवळपास येतो. असा अहवाल कोऱ्या कागदाइतकाच बोलतो. आपली फाइल कोणत्या प्रकारची आहे हे पाहायचे असेल, तर त्यातील एक ओळ कॉपी करून ई-मेलमध्ये चिकटवावी. मराठीच दिसली तर युनिकोड, विचित्र चिन्हे उमटली तर जुना फाँट. टंकलेखन बाहेर करून घेणाऱ्यांनी काम देतानाच युनिकोडची अट घालावी, कारण तीनशे पाने नंतर रूपांतरित करताना जोडाक्षरे आणि रफार जागोजाग तुटतात आणि ती तपासण्यात महिना जातो.

एआय आणि स्वतःचेच जुने लेखन

एआय चॅटबॉटला संदर्भ विचारले तर तो लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष असा सर्वांगपूर्ण संदर्भ देतो आणि ते पुस्तक कित्येकदा अस्तित्वातच नसते. मराठी ग्रंथांच्या बाबतीत हा धोका अधिक आहे, कारण त्यांची माहिती जालावर विरळ आहे. त्याने सुचवलेले नाव ग्रंथालयाच्या सूचीत शोधावे, पुस्तक हातात घ्यावे, पान उघडावे. यांपैकी काहीही झाले नसेल तर तो संदर्भ प्रबंधात येता कामा नये. त्याने लिहून दिलेला परिच्छेद आपला म्हणून देणे हेही चौर्यच, असे माझे मत आहे. विभागाचा याविषयी काही नियम असेल तर तो पाळावा आणि भाषा सुधारण्यापुरती मदत घेतली असेल तर ती प्रास्ताविकात नमूद करावी.

स्वतःचे पूर्वी छापलेले लेखन नव्याने वापरतानाही उल्लेख लागतो. अनुदान आयोगाने २०२०मध्ये याविषयी स्वतंत्र सूचना काढली. प्रबंधाच्या एखाद्या प्रकरणावरून आधी शोधनिबंध प्रसिद्ध झाला असेल, तर त्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर तळटीप देऊन नियतकालिकाचे नाव, अंक व वर्ष सांगावे. तपासणीच्या वेळी त्या निबंधाशी जुळणारा मजकूर रंगवला जाणारच. तेव्हा मार्गदर्शकांकडून ते लेखन अभ्यासकाचेच असल्याचे पत्र घेऊन अहवालासोबत जोडावे.

बांधणीला देण्यापूर्वी

शेवटचे काम कंटाळवाणे आहे आणि ते दोघांनी मिळून करणे सोयीचे. एकाने प्रबंधातील प्रत्येक संदर्भ मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने संदर्भसूचीत त्यावर खूण करावी. मजकुरात आहे पण सूचीत नाही, असा प्रत्येक संदर्भ सूचीत घालावा. सूचीत आहे पण मजकुरात कोठेच नाही, असा ग्रंथ काढून टाकावा, मग तो कितीही वजनदार वाटो. त्यानंतर मध्येच कुठलीही दहा अवतरणे निवडून ती मूळ पुस्तकाशी अक्षरशः ताडावीत. दहांत दोन चुका निघाल्या तर सगळीच तपासावीत. प्रबंध स्वतःचा असल्याचे आणि तपासणी झाल्याचे हमीपत्र विद्यार्थ्याला सही करून द्यावे लागते, मार्गदर्शकांचे प्रमाणपत्र त्यासोबत जाते, आणि पीएच.डी. प्रदान झाल्यावर प्रबंधाची डिजिटल प्रत शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर चढते. तिथे तो कोणालाही उघडता येतो, आणि ज्यांच्या पुस्तकांतून आपण घेतले, त्यांनाही.